आपोआप लागणारी कडी

अलीकडे व्यापारधंद्यांतील पुष्कळ गृहस्थांच्या हातीं एक चमत्कारिक पत्र पडूं लागलें आहे. टपाल, हिशेब, मालाची नोंद आणि कागदपत्रांचा संग्रह ह्यांसाठीं ज्या कंपनीचें सॉफ्टवेअर त्यांनीं वर्गणी भरून घेतलेलें असतें, तीच कंपनी त्यांस कळविते कीं, अमुक तारखेपासून आपल्या खात्यावर संरक्षणाच्या कांहीं योजना आम्ही आपण होऊन सुरू करीत आहोंत. त्यांसाठीं निराळा आकार नाहीं, व आपणांस अर्जहि करावयास नको. पत्र विनयाचें असतें. परंतु तें वाचून घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. आमच्या दाराला कडी लावावयाची ती आम्हीं. दुसऱ्यानें ती न विचारतां कां लावावी? आणि लावलीच, तर ऐन वेळीं ती आम्हांसच उघडली नाहीं म्हणजे काय करावयाचें? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर ते विशेष जिव्हाळ्याचे वाटावे. कारण कडी सैल राहिल्यानें काय अनर्थ होतो हें ह्या किनाऱ्यानें एकदां पाहिलें आहे, आणि कडी उघडण्याचें साधनच हातचें गेलें म्हणजे माणूस कसा अडतो हेंहि पाहिलें आहे.

हा ढग कोठें आहे?

ह्या व्यवस्थेस ‘क्लाउड’ म्हणजे ढग असें नांव पडलें आहे. पण नांवानें कोणीं फसूं नये. हा ढग आकाशांत नाहीं. तो मोठमोठ्या इमारतींत, थंड केलेल्या दालनांत, हारीनें मांडलेल्या संगणकांचा समुदाय आहे. तो पाहावयास परदेशीं जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्या रायगड जिल्ह्यांतच, पनवेल येथें, योट्टा कंपनीचें असें एक प्रचंड संगणक-गृह २०२० सालच्या जुलैमध्यें सुरू झालें. श्रीवर्धनचा सुपारीचा व्यापारी, पेणचा मूर्तिकार, नागांवास पाहुण्यांची उतरण्याची व जेवण्याची सोय करणारें कुटुंब, हीं सर्व आपल्या चोपड्या आतां घरच्या फडताळांत न ठेवतां अशा दूरच्या इमारतींत ठेवितात, आणि हातांतल्या मोबाइलवरून त्या वाटेल तेव्हां उघडून पाहतात.

ही व्यवस्था जुन्या वाड्यांतील बिऱ्हाडासारखी आहे. वाड्याची भिंत, दिंडीदरवाजा आणि पहारेकरी हीं मालकाचीं. खोलीचें कुलूप मात्र बिऱ्हाडकरूचें. मालकानें कितीहि चोख पहारा ठेवला, तरी चोर जर बिऱ्हाडकरूचीच किल्ली हातांत घेऊन आला, तर पहारेकरी त्याला अडविणार कसा? तो त्यास घरचाच माणूस समजून वाट देईल. क्लाउडमधील बहुतेक चोऱ्या अशाच होतात. भिंत कोणी फोडीत नाहीं. कोणाचा तरी पासवर्ड कोणास तरी कळलेला असतो. एकच पासवर्ड दहा ठिकाणीं वापरलेला असतो, दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहिलेला असतो, किंवा खोट्या पत्रास भुलून मालकानें तो स्वतःच चोराच्या हवालीं केलेला असतो.

न्हावा-शेव्याची गोष्ट

आतां आपल्याच किनाऱ्यावरील एक हकीकत सांगतों. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, उरण तालुक्यांत जवाहरलाल नेहरू बंदर आहे. न्हावा व शेवा ह्या दोन गांवांवरून लोक त्यास आजहि न्हावा-शेवाच म्हणतात. १९८९ सालीं सुरू झालेलें हें बंदर म्हणजे देशांतील कंटेनरांच्या जा-येचें एक मुख्य दार. ह्या बंदरांतील एक धक्का गेटवे टर्मिनल्स इंडिया ही संस्था चालविते, आणि तिच्यामागें कोपनहेगन येथील मर्स्क ह्या प्रख्यात जहाज-कंपनीचें एपीएम टर्मिनल्स हें अंग आहे.

२७ जून २०१७ रोजीं मर्स्कच्या जगभरच्या कचेऱ्यांत संगणकांचे पडदे एकाएकीं काळे पडूं लागले. त्यांवर खंडणीची मागणी झळकत होती. परंतु खंडणी हा केवळ बुरखा होता. पैसे भरूनहि कागदपत्रें परत मिळण्याची सोयच त्या उपद्रवी कार्यक्रमांत ठेविलेली नव्हती. पुढें त्याला ‘नॉटपेट्या’ असें नांव पडलें. त्याचा तडाखा न्हावा-शेव्याच्या ह्या धक्क्यासहि बसला आणि तेथील कामकाज ठप्प झालें. कारण धक्का म्हणजे नुसती यारी नव्हे. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठें रचला आहे, कोणत्या जहाजांत चढावयाचा आहे, ही सगळी स्मृति संगणकांत होती. स्मृति गेली म्हणजे यारी, ट्रक आणि माणसें हीं सर्व जागच्या जागीं असूनहि पंगु होतात. जें काम संगणक क्षणांत करी, तें हातानें उरकण्याची आणि अडकलेल्या मालास जागा काढून देण्याची पाळी बंदरावर आली.

हें विष निघालें कोठून? युक्रेन देशांत व्यापारी लोक हिशेब व करभरणा ह्यांसाठीं ‘एम. ई. डॉक’ नांवाचें सॉफ्टवेअर वापरीत. तें तयार करणाऱ्यांच्या यंत्रांत शत्रूनें शिरकाव केला, आणि ग्राहकांकडे आपोआप जाणाऱ्या सुधारणेच्या पुडक्यांतच हें विष घातलें. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरींत एका संगणकावर हें सॉफ्टवेअर होतें असें मागाहून प्रसिद्ध झालें. कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणतात तें हेंच. ज्या वाटेनें औषध यावयाचें, त्याच वाटेनें विष आलें. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

एकदां आंत शिरल्यावर तें विष पसरलें दोन रस्त्यांनीं. विंडोज ह्या संगणक-प्रणालींत एक भगदाड होतें. तें बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ मार्च २०१७ रोजींच, म्हणजे साडेतीन महिने आधीं, प्रसिद्ध केली होती. मे महिन्याच्या १२ तारखेस ‘वॉनाक्राय’ नांवाच्या दुसऱ्या एका उपद्रवानें ह्याच भगदाडांतून शिरून जगभर हाहाकार उडविला होता. म्हणजे औषध निघालें होतें, सांथ येऊन गेली होती, आणि तरीहि असंख्य संगणकांस तें औषध दिलेलें नव्हतें. बैल गेला आणि झोंपा केला, ही म्हण आपल्याकडे आहे. येथें तर पहिला बैल गेल्यावरहि झोंपा केला गेला नाहीं. दुसरा रस्ता ह्याहून धूर्तपणाचा. एका संगणकाच्या स्मृतींत रेंगाळलेले पासवर्ड उचलून तें विष त्यांच्याच बळावर दुसऱ्या संगणकांत शिरे. मग तो दुसरा संगणक दुरुस्त केलेला असला तरी त्याची धडगत नसे.

मर्स्कनें ह्यांतून डोकें वर काढलें तें अचाट श्रमानें. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं २०१८ च्या जानेवारींत जाहीरपणें सांगितलें. नुकसान पंचवीस ते तीस कोटि डॉलरांच्या घरांत गेलें. कोणत्या माणसास कोणतें दार उघडण्याचा अधिकार आहे, ह्याची नोंद ठेवणारीं कंपनीचीं सुमारें दीडशें यंत्रें पुसलीं गेलीं होतीं. त्यांपैकीं एक तेवढें वांचलें, आणि तेंहि कोणाच्या शहाणपणानें नव्हे. घाना देशांतील कचेरींत हल्ल्याच्या आधीं वीज गेली होती. म्हणून तें यंत्र जाळ्यापासून तुटून राहिलें आणि वांचलें. जगांतील एवढी मोठी कंपनी तरली ती वीज गेल्यामुळें! दैवाची ही कृपा प्रत्येकास लाभेलच असें नाहीं. आणि दुकानदारानें तर दैवावर हवाला ठेवून रात्रीं दार उघडें टाकूं नये.

कंपन्यांनीं कडी कां लावली?

मर्स्कजवळ शेंकडों तज्ज्ञ होते, तरी तिची ही गत झाली. मग ज्या कुटुंबाचा सगळा धंदा दोन भाऊ, एक पुतण्या आणि एक कारकून मिळून चालवितात, त्यांचें काय? संरक्षणाचीं साधनें सॉफ्टवेअरमध्यें पूर्वींहि होतीं. पण तीं सुरू करावयास ग्राहकानें खातें उघडून, चार पायऱ्या उतरून, योग्य ती कळ दाबावी लागे. परिणाम असा होई कीं, ज्यास धोका ठाऊक होता तोच कळ दाबी, आणि ज्यास संरक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्यास ती कळ आहे हेंहि माहीत नसे. मनुष्यस्वभावच असा आहे कीं, वस्तु जशी हातीं येते तशीच तो ती ठेवितो. घड्याळ घेतांना गजर बंद असला तर तो वर्षभर बंदच राहतो.

हें ओळखून मायक्रोसॉफ्टनें २०१९ च्या ऑक्टोबरपासून नव्या व्यावसायिक ग्राहकांस खातें देतांनाच कांहीं संरक्षणें सुरू करून देण्यास प्रारंभ केला. २०२२ च्या मे महिन्यांत तिनें जाहीर केलें कीं, ज्या जुन्या ग्राहकांनीं हीं संरक्षणें कधींच सुरू केलीं नाहींत, त्यांच्या खात्यांवरहि तीं सुरू करण्यांत येतील. आधीं चालकास सूचना, मग चौदा दिवसांची मुदत, आणि मुदत संपली म्हणजे कडी आपोआप लागेल, असा तो क्रम होता. ज्याला ती नकोच असेल त्यास काढून टाकण्याची मोकळीकहि ठेविली होती. ज्या संस्थांत हीं संरक्षणें चालू आहेत त्यांच्या खात्यांत चोर शिरण्याचें प्रमाण एकंदर ग्राहकांच्या मानानें ८० टक्क्यांनीं कमी आहे, असा कंपनीचा अनुभव तिनें त्या वेळीं सांगितला. गूगलनें २०२१ सालीं पंधरा कोटि खातेदारांवर दुहेरी ओळखीची पद्धति आपण होऊन लागू करण्याचें ठरविलें, आणि अशा खात्यांतील घुसखोरी निम्म्यानें घटल्याचें पुढच्या वर्षीं कळविलें. हे आंकडे कंपन्यांचे स्वतःचे आहेत हें खरें. तरी त्यांची दिशा अनुभवास पटणारी आहे.

ह्या संरक्षणांचा मुख्य भाग म्हणजे ही दुहेरी ओळख. पासवर्ड ही मनुष्यास ठाऊक असलेली गोष्ट. ती दुसऱ्यासहि ठाऊक होऊं शकते. म्हणून तिच्या जोडीस मनुष्याच्या हातीं असलेली एक वस्तु, बहुधा मोबाइल, मागितली जाते. मोबाइलमधील एक छोटा कार्यक्रम दर तीस सेकंदांनीं सहा आंकड्यांची नवी संख्या दाखवितो. ही संख्या कोठून येत नाहीं. मोबाइल आणि कंपनीचा संगणक ह्या दोघांजवळ एक गुप्त बीज ठेविलेलें असतें; तें बीज आणि घड्याळांतील वेळ ह्यांवरून दोघेहि एकच गणित करितात आणि उत्तर जुळलें म्हणजे दार उघडतें. दुसरा भाग असा कीं, ज्या जुन्या रीतींत दुहेरी ओळख विचारण्याची सोयच नव्हती त्या बंद केल्या जातात. एखाद्या कचेरींतील जुनें स्कॅनर कालपर्यंत कागद टिपून टपालानें पाठवीत होतें आणि आज एकाएकीं मुकें झालें, तर बहुधा त्याचें कारण हेंच असतें. यंत्र बिघडलें असें नव्हे.

न विचारतां कां?

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. ग्राहकाच्या संमतीवांचून कडी लावणें हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? दार केवळ त्याचेंच असतें तर ह्या आक्षेपांत पुष्कळ तथ्य होतें. परंतु एका व्यापाऱ्याचें टपाल-खातें चोराच्या हातीं गेलें म्हणजे चोर त्याच्या नांवानें त्याच्या सर्व ओळखीच्यांस पत्रें धाडतो. बँकेचें खातें बदललें आहे, ह्यापुढें पैसे नव्या खात्यावर भरावे, असें जुन्या विश्वासांतल्या माणसाचें पत्र आलें तर कोण शंका घेईल? दाटीनें बांधलेल्या केंबळी घरांच्या आळींत एका छपरावर पडलेली ठिणगी त्या एकाच घरावर थांबत नाहीं. अशा आळींत ज्यानें त्यानें आपली चूल संभाळावी हा नियम जुलमाचा म्हणत नाहींत.

शिवाय ही गोष्ट आपणांस अगदींच नवी नाहीं. इंटरनेटवरून कार्डानें पैसे देतांना दुसरी खूण विचारलीच पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून घातला. आपल्या घरांतील आजीबाईसुद्धां आज ‘ओटीपी’ म्हणजे काय हें जाणतात ते त्याच्याच जोरावर. माल पाठवितांना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या सरकारी व्यवस्थेंतहि दुहेरी ओळख पायरीपायरीनें सक्तीची झाली. १ जानेवारी २०२५ पासून वीस कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांस, १ फेब्रुवारीपासून पांच कोटींच्या वरच्यांस आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वांसच ती लागू झाली. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग हात बसला.

ह्या ठिकाणीं रायगड किल्ल्याची ती सर्वांस ठाऊक असलेली आख्यायिका आठवते. संध्याकाळीं गडाचे दरवाजे बंद होत, ते कोणाच्या लहरीवर नव्हे, नियमानें. हिरकणी गवळण दूध घालून परतली तेव्हां दरवाजे लागलेले होते, आणि खालीं घरीं तिचें तान्हें मूल होतें. पहारेकऱ्यानें दार उघडलें नाहीं. ती माउली अंधारांत कडा उतरून गेली. आणि शिवछत्रपतींनीं तिचा गौरव करून त्या कड्यावर बुरूज बांधविला, असें सांगतात. ह्या कथेंत आमच्या विषयाचें सारें मर्म आहे. दार नियमानें बंद होत होतें म्हणूनच कड्याची ती उघडी बाजू कळली आणि तेथें बुरूज उठला. परंतु त्याच दारानें एक निरपराध आई आपल्या मुलापासून तुटली हेंहि तितकेंच खरें. नियम कितीहि शहाणपणाचा असला, तरी घरच्याच माणसानें दाराबाहेर राहून रात्र काढावी असा प्रसंग येऊं न देणें हेंहि किल्लेदाराचें कर्तव्यच आहे. कंपनीनें कडी लावली. हिरकणीसाठीं वाट ठेवणें हें मात्र बहुतांशीं आपल्या हातीं आहे.

कडी उघडेल काय?

दुसरा प्रश्न म्हणून अधिक महत्त्वाचा. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक गांवांत कित्येक दिवस वीज आली नाहीं आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. ज्यांच्या चोपड्या घरांत होत्या त्यांच्या त्या भिजल्या. ज्यांच्या क्लाउडमध्यें होत्या त्यांच्या शाबूत राहिल्या. हा क्लाउडचा मोठाच गुण. पण त्या शाबूत चोपड्यांचें दार उघडणारी खूण जर मोबाइलवर संदेशानें यावयाची असेल, आणि मोबाइल पाण्यांत गेला किंवा मनोराच पडला असेल, तर त्या चोपड्या असून नसल्यासारख्याच. मोबाइलमधील कार्यक्रम जी सहा आंकडी संख्या दाखवितो तिला मनोऱ्याची गरज नसते. म्हणून संदेशापेक्षां ती रीति किनाऱ्यावरील लोकांस अधिक सोयीची. दुसरें असें कीं, बहुतेक कंपन्या अडल्या वेळेसाठीं कांहीं राखीव संकेतांक देतात किंवा ओळखीचें दुसरें साधन जोडूं देतात. राखीव संकेतांक मिळाले तर ते कागदावर उतरून, मेणकापडांत गुंडाळून, दागिन्यांच्या पेटींत ठेवावे, आणि त्यांची दुसरी प्रत पुण्यास किंवा मुंबईस असलेल्या विश्वासू आप्ताजवळ द्यावी. वादळांतून एखादा माणूस पनवेलपर्यंत पोंचला, तर तेथें बसून तो सबंध धंद्याचा कारभार पाहूं शकेल.

आतां एकत्र कुटुंबांतील एका नाजूक गोष्टीकडे वळतों. आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा ही केवळ लोखंडाची वस्तु नसते. तो कोणाच्या कमरेस आहे, ह्यावरून घरांतील सत्ता कोणाकडे आहे हें कळतें. सासूनें सुनेस जुडगा देणें हा एक लहानसा राज्याभिषेकच असतो. क्लाउडमधील खात्याचें तसेंच आहे, पण तें डोळ्यांस दिसत नाहीं. पाहुण्यांची नोंदणी करते घरची सून, हिशेब लिहितो धाकटा दीर, आणि खातें मात्र बहुधा थोरल्या भावाच्या नांवानें, त्याच्या मोबाइलवर, व तो नोकरीनिमित्त परगांवीं. एकच पासवर्ड सर्वांस ठाऊक असे, तोंपर्यंत ही विसंगति झांकलेली होती. दुहेरी ओळख सुरू झाली कीं ती उघडी पडते. दारांत पाहुणे उभे, आणि सून परगांवच्या भावोजींस फोन करून आंकडे विचारते आहे, भावोजी सभेंत. दोन दिवस असें झालें कीं घरचें मत ठरतें: ही नवी पीडा काढून टाका.

आमच्या मतें हा निर्णय घाईचा आहे. पीडा कडीची नव्हे. काम एकाचें आणि किल्ली दुसऱ्याची, ही आहे. उपाय कडी काढण्याचा नसून ज्याचें काम त्याच्या हातीं त्याची स्वतंत्र किल्ली देण्याचा आहे. सुनेस तिच्या नांवाचें खातें व तिच्या मोबाइलवर तिची ओळख, दिरास हिशेबापुरती, कारकुनास त्याच्या कामापुरती. मुख्य चालकाचा अधिकार मात्र एकाच्याच हातीं न ठेवतां दोघांच्या हातीं असावा. ह्यानें कोणाच्या वडीलपणास उणेपणा येत नाहीं. उलट कोणीं काय केलें ह्याची नोंद राहिल्यानें भाऊबंदकीचें एक कारण कमी होतें. आणि एक अप्रिय गोष्टहि बोलून ठेवतों. घरचा कर्ता पुरुष अकस्मात् गेला आणि खात्याची किल्ली त्याच्या एकट्याच्याच मोबाइलवर राहिली, तर शोकांत असलेल्या कुटुंबास धंद्याचीं कागदपत्रें मिळविण्यासाठीं दारोदार फिरावें लागतें. मृत्युपत्रांत जमीन-जुमला लिहितांना ह्या किल्ल्यांचीहि तरतूद करणें आतां अवश्य झालें आहे.

आपोआप म्हणजे निष्काळजीपणें नव्हे

शेवटचा धोका सर्वांत सूक्ष्म. कंपनीनें कडी लावली, आतां आपण निश्चिंत, अशी समजूत झाली तर ती कडी नसल्याहून वाईट. युक्रेनमधील तें पुडकें आठवावें: आपोआप येणाऱ्या सुधारणेवर भरंवसा ठेवणाऱ्यांकडेच तें विष पोंचलें. ह्यावरून आपोआप येणाऱ्या सर्व गोष्टी बंद कराव्या असा अर्थ कोणीं काढूं नये; कारण त्याच वेळीं, आलेली सुधारणा न घेतल्यानें तें विष फोफावलें. एका वाटेवर भरंवसा ठेवून स्वस्थ बसूं नये, एवढाच त्याचा अर्थ. मर्स्क तरली ती जाळ्यापासून तुटलेल्या एका प्रतीमुळें. म्हणून आपल्या चोपड्यांची एक प्रत इंटरनेटशीं संबंध नसलेल्या पेटींत, घरीं, असलीच पाहिजे. आणि ती प्रत उघडते कीं नाहीं हें वर्षांतून एकदां तरी पाहावें. त्यास मुहूर्तहि आपल्याकडे तयार आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण चोपड्यांची पूजा करितों. त्याच दिवशीं ही प्रत उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

चोरहि स्वस्थ बसलेला नाहीं. दुहेरी ओळखीमुळें किल्ली चोरतां येईना, तेव्हां तो आतां दार वाजवून वाजवून आंतल्या माणसास कंटाळा आणतो. मोबाइलवर परवानगीची विचारणा पुनः पुनः येते, आणि रात्रीं दोन वाजतां झोंपेंत एखादा ‘होय’ दाबून मोकळा होतो. किंवा बँकेचा, कंपनीचा अधिकारी म्हणून गोड आवाजांत तो आंकडे विचारतो. आपण स्वतः दार उघडावयास निघालों नसतां जी विचारणा येईल तिला नकारच द्यावा, आणि ते सहा आंकडे ब्रह्मदेवानें विचारले तरी सांगूं नयेत. पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें. तेथें पहिले कांहीं तासच मोलाचे असतात.

सारांश, परक्यानें लावलेली ही कडी अपमानाची नाहीं आणि अभयदानहि नाहीं. विसरणें हा मनुष्याचा धर्म आहे. म्हणून जी सुरक्षितता प्रत्येकाच्या आठवणीवर टांगलेली असते ती एके दिवशीं तुटतेच. आठवणीचें काम यंत्रानें उचललें तर त्यास अवश्य उचलूं द्यावें. परंतु किल्ल्या कोणाच्या हातीं, वादळांत त्या कोठें सांपडतील, आणि आपल्या मागें त्या कोणास मिळतील, हें ठरविणें यंत्राचें काम नव्हे. तें कुटुंबानें एके संध्याकाळीं, सर्व मंडळी घरीं असतांना, एकत्र बसून ठरवावें. आणि ठरलेलें कागदावर लिहून ठेवावें.